मेलेल्याला ओ द्यायची नाही

पिरंगुटच्या कापडाच्या दुकानात जान्हवीने दोन मीटर पांढरं मांजरपाट मागितलं, तेव्हा दुकानदाराने आधी तिच्याकडे आणि मग तिच्यामागे उभ्या असलेल्या मनीषकडे पाहिलं. घरात काही झालंय का, असं त्याने हळूच विचारलं. मनीषला हसू आवरेना. झालं काही नाही, उद्या दहा जण तरी मारायचेत, असं तो म्हणाला आणि दुकानदाराचा चेहरा बघून जान्हवीच ओशाळली. शिबिरातल्या खेळासाठी हवंय, असं सांगून तिने पिशवी घेतली आणि स्कूटी मुळशीच्या रस्त्याला लावली.

ही गोष्ट २००८च्या डिसेंबरातली. हिंजवडीत नोकऱ्या करणाऱ्या काही पोरापोरींच्या डोक्यात तेव्हा एक नवंच खूळ शिरलं होतं. इंटरनेटवर जमायचं, योद्धे, चेटकिणी, राक्षस अशी सोंगं ठरवायची आणि वर्षातून एकदा तसाच पोशाख चढवून कुठेतरी दोन दिवस राहायचं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर मान मोडणारी ही माणसं शनिवार-रविवार फोमच्या तलवारी घेऊन एकमेकांच्या अंगावर धावायची आणि सोमवारी निमूट कामाला लागायची. त्यात वाईट काहीच नव्हतं. त्या वर्षीचं शिबिर धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या कुशाबाच्या शेतावर होतं. अर्धी जमीन विकून झाल्यावर उरलेल्या अर्ध्या जमिनीत कुशाबाने तंबू ठोकले होते आणि शहरातल्या लोकांना तो ते भाड्याने द्यायचा. स्वयंपाक त्याची बायको रंभाबाई चुलीवर करायची.

खरं सांगायचं तर जान्हवीला या खुळात रस नव्हता. ती आली होती धाकट्या भावासाठी. वडील गेल्यावर आईने मनीषला परभणीहून पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवलं ते जान्हवीच्या भरवशावर. त्याला नजरेआड करू नकोस, एवढंच आई म्हणाली होती. हिंजवडीजवळच्या चांदे गावातल्या भाड्याच्या खोलीत हा पोरगा दीड वर्ष घुम्यासारखा बसून होता. बोलताना अडखळायचा, त्यामुळे कॉलेजात कुणाशी मैत्री नाही. या मंडळींत मात्र त्याला कंठ फुटला. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून, आतून रबर सोल्युशनने रेक्झिन चिकटवून त्याने तीन महिने खपून स्वतःचं चिलखत बनवलं. खोलीला सतत त्या सोल्युशनचा वास यायचा, पण जान्हवीने एकदाही कुरकुर केली नाही.

वाटेत पौडला चहा पिताना त्याने तिच्याकडून वचन घेतलं. "ताई, तिथे ताईपणा करायचा नाही हं. मा... मला काहीही झालं तरी मध्ये पडू नकोस. सगळे हसतील मला." तिने हसून मान डोलावली.

शिबिराचा म्होरक्या होता दिग्विजय. एरवी हा माणूस प्रोग्राममधल्या चुका शोधायचा, त्यामुळे नियम करण्यात त्याचा हात कोण धरणार. रविवारची लढाई दहा ते पाच. ज्याला तलवार लागली तो मेला. त्याने खुंटीवरची एक पांढरी पट्टी घेऊन कपाळाला बांधायची आणि पाचच्या शिट्टीपर्यंत मेलेलंच राहायचं. मेलेल्यांनी हवं तिथे फिरावं, रडावं, ओरडावं, जिवंतांना वाटेल तसं फसवावं. जिवंतांनी मात्र त्यांच्याकडे बघायचं नाही, त्यांना ओ द्यायची नाही. जो ओ देईल, त्याचा सगळा पक्ष हरला. शनिवारच्या तालमीत एका मेलेल्याने साप साप म्हणून बोंब ठोकली, दोघीजणी किंचाळून उठल्या आणि त्यांचा पक्ष हरला. लोक पोट धरधरून हसले. त्यानंतर जो तो कान बंद करून वावरायला शिकला. दिग्विजयने सगळ्याचा विचार केला होता. खरंच कुणावर प्रसंग आला तर त्याने काय म्हणायचं, एवढं मात्र राहून गेलं.

त्या रात्री जान्हवीने कंदिलापाशी बसून मांजरपाटाच्या दहा पट्ट्या कापल्या. सकाळी मनीषच्या चिलखताचे पाठीवरचे पट्टे तिनेच आवळले. ते त्याचे त्याला सोडता यायचे नाहीत. तो तिच्याच पक्षात होता आणि त्याच्याकडे पाण्याकाठच्या बांधावरचं निशाण राखायचं काम होतं. झळाळत्या पत्र्यात तो इतका ऐटीत निघाला की तिला भरून आलं. आईला फोटो पाठवायचा, असं तिने मनाशी ठरवलं.

साडेअकराच्या सुमाराला ती उंबराखाली पहाऱ्यावर उभी होती. धरणावरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. तेवढ्यात मागून पत्र्याची बारीक किणकिण आली. रबर सोल्युशनचा वास आला आणि त्याच्यासोबत गाळाचा, जड, थंड वास. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसलं. म्हणजे स्वारी इतक्यात मेलीसुद्धा, असं तिच्या मनात आलं.

"ताई," तो म्हणाला. "ताई, खूप थंडी वाजतेय गं."

तिने ओठ दाबून हसू आवरलं. काय बेमालूम करतोय, तिला वाटलं. शब्द एकदाही अडखळला नव्हता. तिने नजर झाडावर रोखली. बराच वेळ मागे पाणी ठिबकत राहिलं, मग थांबलं.

दुपारी दोनला जेवणं झाली. मेलेल्यांची पंगत लांब सतरंजीवर, जिवंतांची इकडे. रंभाबाईचं गरम पिठलं, भाकरी, ठेचा. पहिला घास घेते न घेते तोच तो वास पुन्हा आला. या वेळी अगदी पाठीशी. तिच्या शेजारी बसलेल्या अपूर्वाने खांदे आक्रसून घेतले, पण तीही वळली नाही.

"ताई, मला भूक लागलीये... कुणीच वाढत नाहीये मला."

जान्हवीने पाण्याचा घोट घेतला. अवघे तीन तास राहिले होते. आता ओ दिली तर त्याचा पक्ष हरणार, तोही ताईमुळे, आणि पोरगं पुन्हा खोलीत तोंड मिटून बसणार. तिने समोरच्या ताटाकडेच बघितलं. आपण त्याच्यासाठीच हे करतोय, याची तिला पक्की खात्री होती.

चार वाजता ती तंबूत एकटी होती. बाहेर उन्हं कलली होती. किणकिण आली ती खूप हळू, जड पावलांची. दारातला उजेड अडला. तिने मान खाली घातली, आणि तिला त्याचे पाय दिसले. बूट नव्हते. बोटांच्या बेचक्यांत काळा गाळ भरला होता, आणि बोटं... खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरीफटक, सुरकुतलेली.

"ताई... एकदा तरी बघ ना माझ्याकडे."

ती वळणार, इतक्यात दिग्विजय आत आला. नियमाप्रमाणे त्याने तिकडे लक्षच नसल्यासारखं केलं, बाजूने वाट काढून तिच्याजवळ आला आणि अजून एकच तास, आपण जिंकतोय, असं तिच्या कानात पुटपुटला. त्या एका वाक्याने घात केला. ती वळली नाही. पावलं तंबूबाहेर गेली. चार-पाचच ऐकू आली.

पाचला शिट्टी झाली. मेलेल्यांनी हसत हसत पट्ट्या सोडल्या. जान्हवी धावत बांधाकडे निघाली, मनीष, मनीष करत. तो तिथे नव्हता. तंबूत नव्हता, रस्त्यावर नव्हता. दिग्विजयने सगळ्यांना उभं करून मोजलं. मग पट्ट्या मोजल्या. सहा मेलेल्यांच्या सहा, खुंटीवर चार. दहाच्या दहा तिथेच होत्या. मनीषला तलवार कुणीच मारली नव्हती.

कुशाबा लांब बांबू घेऊन पाण्यात उतरला. बांधाखाली, छातीएवढ्याच पाण्यात बांबू अडला. "हितं हाय," तो म्हणाला. बांधावरून पाय घसरला होता आणि पत्र्याने त्याला उठू दिलं नव्हतं. बूट गाळात रुतून राहिले होते. पाठीवरचे पट्टे जसेच्या तसे आवळलेले होते. कपाळ कोरं होतं.

सकाळी अकराच्या आतच गेला असावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग त्या हाका? तंबूत ते पाय दिसले तेव्हा जीव गेल्याला पाच तास होऊन गेले होते. दिग्विजय शपथेवर सांगत होता, मीही त्याला तिथे उभं पाहिलं, पट्टी होती म्हणून बोललो नाही. पोलिसांनी कुणाची तरी थट्टा असेल म्हणून विषय मिटवला. परभणीला सगळे तिला एकच गोष्ट सांगत राहिले. तुझ्या हातात काही नव्हतं पोरी, तो आधीच गेला होता. आईसुद्धा हेच म्हणाली. जान्हवीने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्यावरच ती दोन आठवडे जगली.

पंधराव्या दिवशी ती पुण्याला शवविच्छेदनाचा अहवाल आणायला गेली. डॉक्टर वाचता वाचता थांबले, चष्मा काढून पुसला. पोटात पिठलं आणि भाकरी सापडली होती, नुकतीच खाल्ल्यासारखी. रविवारी सकाळी तुम्ही काय खाल्लं होतं, असं त्यांनी विचारलं. पोहे, ती म्हणाली. पिठल्याची कढई चुलीवर चढली ती एक वाजून गेल्यावर. डॉक्टरांनी फाइल मिटून तिच्या हातात दिली.

ती तशीच मुळशीला गेली. टळटळीत दुपार होती. तंबू उतरवलेले. रंभाबाई मागच्या दारी राखेने कढई घासत बसली होती. जान्हवीला बघून तिचा हात थांबला. तिने आधी कुशाबा जवळपास नाही ना हे पाहिलं. पोलिसांपुढे तोंड उघडू नको, अशी त्याची ताकीद होती. मग ती खालच्या आवाजात बोलायला लागली.

"आला हुता की. तुमची जेवनं उरकल्यावर. नुसता निथळत हुता. म्हनला, मावशी, मी दिसतोय का तुमाला? म्या म्हनलं, न दिसायला काय झालं? मला कुटं ठावं तुमचा खेळ. पिठलं-भाकर वाढली, हितंच बसून खाल्ली त्यानं."

जान्हवी दाराला टेकली.

"लई रडत हुता गं. म्हनला, दोनदा हाक मारली, ताई ओ देत न्हाई. म्या म्हनलं, आसं कुटं असतंय व्हय? थोरली बहीन हाय तुजी. जा, आजून एक डाव हाक मार." रंभाबाईने पदराने डोळे पुसले आणि तिच्याकडे वर पाहिलं. "चार वाजाया आलं हुतं बग, तवा गेला. मंग... दिलीस न्हवं ओ?"