एकाच नावाचे दोन ठिपके

बसा. दार लोटून घ्या, पण कडी नको. आतून हाक आली तर मला उठावं लागतं.

त्या दिवशी कामाला निघताना ताई म्हणाली, "ठोंब्या, येताना लिंबं आण. विसरलास तर जेवण नाही." एवढा घोडा झालो तरी तिच्या लेखी मी ठोंब्याच. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिच्या हनुवटीवर व्रण राहिला होता. झोका मी दिला होता, म्हणून हे नाव मला जन्माचं चिकटलं. मला ते आवडायचं, पण तिला मी कधी तसं सांगितलं नाही.

माझं काम जुन्या माणसांच्या चरित्रांचं. शाळा, दवाखाने, वर्तमानपत्रं यांतल्या विखुरलेल्या नोंदी जोडून आमच्या संस्थेने संगणकावर एक जाळं विणलं होतं. नाव शोधलं की पडद्यावर त्या माणसाचा ठिपका उमटायचा आणि त्यातून आईबाप, भावंडं, नोकरी अशा रेषा फुटायच्या. हयात माणूस हिरवा, गेलेला राखाडी. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. प्रमुखबाई म्हणाल्या, "नमुना म्हणून तुमच्याच घरचं नाव टाका. चुकलं तर भांडायला कोणी येणार नाही."

भर दुपारी खोलीत मी एकटाच होतो. ताईचं नाव टाकलं, तर दोन ठिपके आले. नाव तेच, आईबाप तेच, जन्मसाल मात्र निराळं. एक हिरवा, दुसरा राखाडी. खाली यंत्राचा प्रश्न होता: ही एकच व्यक्ती आहे का?

असं आमच्याकडे रोजच व्हायचं. कुठल्यातरी कारकुनाने साल चुकवलेलं असायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं मी बोट उचललं आणि 'हो' दाबलं. ठिपके एकमेकांकडे सरकले आणि एक झाले. रंग राखाडी राहिला.

मला हसूच आलं. ताई सकाळची शाळा शिकवून एव्हाना घरी आलेली असणार. तिला चिडवावं म्हणून फोन लावला. तो आईने उचलला.

"अरे, हिला काय झालंय बघ ना... चांगली भाजी चिरत बसली होती. एकदम गार पडली. डोळे उघडे आहेत, पण मला ओळखत नाही..."

डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईनासा झाला. कुठूनतरी फिनेलचा वास आला, जुन्या दवाखान्याच्या जिन्यात येतो तसा.

"आई... ताईच्या आधी कोणी होती का?"

आईचा आवाज एकदम खाली गेला.

"तुला कोणी सांगितलं? चालायला लागली होती रे. तापात गेली. मग ही झाली, तेव्हा तेच नाव ठेवलं. हाक मारायची सवय मोडवेना मला..."

डॉक्टरांना बोलाव, एवढंच तिला म्हणालो. ठिपके वेगळे केल्याशिवाय तिथून उठायची माझी छाती नव्हती. यंत्र एकेक नोंद पुढे करून विचारत गेलं, ही कोणाची? शाळा ताईची. पदवी ताईची. नोकरी, रक्तगट, आई, भाऊ, सगळं सगळं ताईचं. ताप आणि मृत्यू पहिलीचा. मला त्या पोरीची दयासुद्धा आली नाही, मला फक्त माझी ताई हवी होती.

शेवटी एक ओळ आली. तशी ओळ मी त्या यंत्रावर कधी पाहिली नव्हती.

ज्याची नोंद नाही, ते कोणाचं?

उत्तर लिहायला खाली जागाच नव्हती. मी शोधेपर्यंत ओळ निघून गेली, ठिपके पुन्हा दोन झाले आणि त्यातला एक हिरवा झाला.

लगेच आईचा फोन आला. ती रडत होती. "उठून बसली रे. पाणी मागितलं."

वाटेत आठवणीने लिंबं घेतली. दार ताईनेच उघडलं. चेहऱ्यावर रंग परत आला होता, अंग ऊन होतं. तिने मला माझ्या कागदोपत्री नावाने हाक मारली. माझा जीव इतका भांड्यात पडला होता की मला ते खटकलंही नाही. शाळेचं, पदवीचं जे विचारलं ते तिने बिनचूक सांगितलं. मी पिशवी पुढे केली.

"लिंबं कशाला?"

"तूच नाही का म्हणालीस... ठोंब्या, लिंबं आण म्हणून?"

"कोण ठोंब्या?"

ती मस्करी करत नव्हती. पिशवीत डोकावून तिने मान वर केली, आणि मला तिची हनुवटी दिसली. गुळगुळीत होती, कधी पडलेलीच नसावी अशी.

मी आईकडे पाहिलं. आई आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बघत होती. घरात आम्ही तिघंच होतो.

दाराआडून, थकलेल्या माणसाचा येतो तसा हलका आवाज आला.

"ठोंब्या... आणलीस का रे लिंबं?"