बीबीची झोप

मगांबाच्या जंगलाखाली, लुशोतो गावाकडे उतरणाऱ्या वाटेला लागून शेमवेता सुताराची दोन घरं होती. वरच्या घरात पहिली बायको हिदाया राहायची, खालच्या घरात दुसरी, सिकुधानी. मध्ये एक नासपतीचं झाड, एक नळ आणि कपडे वाळत घालायची दोरी. शेमवेता दोन रात्री वर झोपायचा, दोन रात्री खाली. दुसऱ्या निकाहाच्या वेळी शेखांनी दोघींना सारखं वागव म्हणून बजावलं होतं, आणि त्या बाबतीत तो चोख होता. वर साबणाची वडी आली की खालीही यायची.

हिदाया दवाखान्यात सुईण होती. त्या उतारावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. ताईत, मंतरलेलं पाणी, कुणाची नजर, यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो स्वतःच्या कानांवर. खालच्या पाळीच्या रात्री ती दिवा मालवून पडायची आणि ऐकत राहायची. शेमवेता बोलका माणूस. चौकात बावच्या पटावर सोंगट्या हलवतानाही त्याचं तोंड चालू, घरी आलं घातलेला चहा पुढ्यात आला की आणखी चालू. खालून त्याचं हसू वर यायचं. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. एवढं हसण्यासारखं ती पोरगी त्याला काय सांगते, या विचाराने हिदायाचा डोळा लागायचा नाही.

मोठा पाऊस सरला आणि ते हसू बंद झालं.

भांडण झालं असेल, असं समजून ती आधी खूश झाली. पण पाळी काही मोडली नाही. शेमवेता ठरल्या दिवशी खाली जातच होता. फक्त सूर्य डोंगराआड गेला की ते घर गप्प व्हायचं. दिवा नाही, भांड्याचा आवाज नाही. एवढ्या लवकर, अंधारात, दोघं करतात काय? ही शांतता हसण्यापेक्षा वाईट होती.

नळावर शेजारीण मामा कनिकीने, तिकडे आईलाच मामा म्हणतात, तिला गाठलं.

"तुला ठाऊकच नाही होय? तुझ्या नवऱ्याने तिसरी आणली. हिरवी आहे म्हणे, आणि शेपटीवाली."

सिकुधानीने किन्योंगा पाळला होता. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा तो सरडा दिसला की त्या भागातली माणसं वाट सोडून चालतात. आणि ही बाई कुंपण छाटताना सापडलेलं बोटभर पिल्लू घरात घेऊन आली होती. मादी होती. तिचं नाव ठेवलं होतं बीबी, म्हणजे बाईसाहेब.

हिदाया त्याच संध्याकाळी पातेलंभर मकांदे घेऊन खाली गेली. उकडलेला मका आणि राजमा हे निमित्त.

खिडकीपाशी कुंडीत पेरूची फांदी रोवली होती. शेमवेता समोर तिवईवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याने मान वळवली नाही. सिकुधानीने ओठांवर बोट ठेवून हिदायाला आत घेतलं. बाहेरचा उजेड उतरत होता. बीबी फांदीवरून पुढे निघाली, प्रत्येक पाऊल टाकण्याआधी मागेपुढे झुलत, अगदी टोकाला गेली. तिथे तिने शेपटीची गुंडाळी केली. हळूहळू अंगातला हिरवा रंग ओसरला आणि धुतलेल्या कापडासारखा फिका रंग वर आला. मग डोळ्यांच्या त्या गोल घुमट्या मिटल्या.

सिकुधानी कुजबुजत सगळं सांगत होती, बाळाबद्दल बोलावं तसं. टोकाला झोपते, कारण साप आला तर डहाळी हलते आणि तिला जाग येते. सकाळी उन्हात एक कूस करून बसते, तेव्हा काळपट होते, ऊन पिते. मग पानावरचं पाणी, मग माश्या. अंधार पडला की तिला उजेड नको. आणि दिवसा डोळे मिटलेले दिसले तर समजायचं, जिवाला बरं नाही.

हिदाया ऐकत होती, पण पाहत होती नवऱ्याकडे. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे इतका वेळ, इतकं गप्प राहून कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या पाळीला तो वर आला तो दिवसाउजेडीच. जेवण अर्धवट टाकून, अंधार पडायच्या आत आडवा झाला. पलंग त्यानेच बनवलेला, चांगला ऐसपैस. पण तो झोपला अगदी कडेला, गुडघे पोटाशी घेऊन, एका हाताने पलंगाची पट्टी धरून. हिदायाने हाक मारली. खांदा हलवला. त्याला जाग आली नाही. मात्र ती पलंगावर टेकली, लाकूड जरासं दबलं, तसे त्याचे डोळे खाडकन उघडले. तिला पाहून पुन्हा मिटले.

तिचं मन कडू झालं. बोलणं, जागणं सगळं तिकडे खर्च करतो आणि माझ्याकडे नुसता झोपायला येतो, असं तिने मनाशी धरलं. तरी हातांना सवय होती, म्हणून तिने नाडी पाहिली. मंद होती. अंग गार होतं. पहाटे तो उठला तेव्हा तिने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, काहीच निघालं नाही. परत येताना ओट्याच्या पायरीपाशी शेमवेता थांबला. एक पाय उचलला, मागेपुढे झुलला, आणि मग टेकवला. हिदायाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तेवढ्यात टांगा शहरातून निरोप आला की सिकुधानीची आई आजारी आहे. जायलाच हवं होतं. बीबीला कुणाकडे ठेवायचं या काळजीने ती नळाशी उभी राहून रडत होती.

"माझ्याकडे दे," हिदाया म्हणाली. "इतकी पोरं सांभाळली, ही काय जड आहे."

सिकुधानीने कुंडी स्वतः उचलून वर आणली. जाताना पुन्हा पुन्हा सांगितलं, ताई, अंधार पडला की दिवा नको.

ती बसमध्ये बसल्यावर हिदायाने फांदी उपटून चुलीत घातली. बीबीला लाकडी खोक्यात ठेवलं, वर मच्छरदाणीचा तुकडा ठोकला आणि बरोबर त्याच्यावर बल्ब टांगला. संध्याकाळी तो लावला आणि लावूनच ठेवला. मारायचं तिच्या मनात नव्हतं. तिला फक्त त्या जनावराची ती देखणी झोप मोडायची होती.

सकाळी बीबी काळी ठिक्कर पडली होती. डोळे मिटलेले. अंगणात ऊन आलं होतं आणि उन्हात शेमवेता भिंतीला टेकून बसला होता. त्याचेही डोळे मिटलेले होते. चहा निवला. सुतारकामाच्या कारखान्यातून माणूस बोलवायला आला, त्याला तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याचे गाल आत गेले, ओठ सुकले. हिदायाने चमच्याने पाणी पाजायला घेतलं, तर त्याने तोंड उघडलं नाही.

त्या संध्याकाळी तिने बल्ब काढला. उजेड उतरला, खोक्यातलं काळं अंग हळूहळू फिकं झालं, आणि आतल्या खोलीत शेमवेताने एक लांब श्वास सोडला. सकाळी त्याने उगालीचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, दोन गोळे खाल्ले.

हिदायाला कळलं. काय कळलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, स्वतःशीही उच्चारलं नाही. पण सिकुधानी परत आली आणि हात पुढे करून उभी राहिली, तेव्हा हिदाया दारातून हलली नाही.

"बीबी इथेच राहील. तिला इथली सवय झाली."

बीबी वर राहिली आणि शेमवेताही वर राहिला. पाळ्या मोडल्या. रोज रात्री तो हिदायाच्या पलंगावर होता. इतकी वर्षं तिने हेच मागितलं होतं. ती त्याच्याशेजारी जागी पडून राहायची. एकीकडे खोक्यात एक फिकं अंग, दुसरीकडे पलंगाच्या कडेला दुसरं. बोलायला कुणी नव्हतं. खालच्या घरात आता उशिरापर्यंत दिवा जळायचा, आणि तो पाहून तिला बरं वाटायचं.

लहान पाऊस सुरू झाला तेव्हा सिकुधानी एका दुपारी वर आली. आत न येता ओट्यावर बसली. मग तिने विचारलं, की तो हसायचा ते तुम्हाला वर ऐकू यायचं का. हिदाया म्हणाली, यायचं.

"तुमच्याच गोष्टी सांगून हसायचा, ताई. तुम्ही कुठल्या बाळंतपणाला उलटी चप्पल घालून गेलात, कुणाच्या आजोबांना कसं झापलंत. रोज. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, त्याच्या तोंडी तुम्ही." ती नखाने ओट्याचा पोपडा काढत होती. "बीबी आल्यावर मी म्हटलं, आता बोलू नका, ती झोपलीय. आणि तो गप्प बसला. मला इतकं बरं वाटलं. मग मी रोज म्हणायला लागले."

हिदायाला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. आपलं नाव त्या घरात रोज घेतलं जात होतं आणि हिने ते बंद पाडलं, एवढंच तिला ऐकू आलं.

आतून खरवडल्याचा आवाज आला. दोघी उठल्या. बीबी खोक्याच्या तळाशी पुढच्या पायांनी लाकूड उकरत होती. अंगावर कधी नव्हते असे पिवळे ठिपके उठले होते. हिदायाने तिला तळहातावर घेतलं, अंगठ्याने पोट चाचपलं. आत मण्यांची माळ असावी तशी अंडी लागली.

"नर तर कधी जवळ आला नाही," सिकुधानी म्हणाली.

"कोंबडीही घालते नराशिवाय," हिदाया म्हणाली. ते खरंही होतं. "हिला माती हवी. ओली, खोल. नाहीतर अडून मरेल."

मातीला तोटा नव्हता. पण कुणाची माती? सिकुधानी म्हणाली, मी आणली, माझ्या वाफ्यात घालेल. हिदाया म्हणाली, माझ्या घरात वाढली, माझ्या केळीखाली घालेल. आवाज चढले. जुनं नवं सगळं निघालं, साबणाच्या वड्यांपर्यंत. मामा कनिकी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. शेवटी हिदायाने खोकं आत नेलं आणि कडी लावली. उद्या बघू, असं ती दाराआडून म्हणाली.

खरवडणं अंधार पडेपर्यंत चालू होतं. मग थांबलं.

पहाटे तिला जाग आली. पलंग रिकामा होता.

खोक्यात बीबी उताणी पडली होती. पोट तसंच, गच्च भरलेलं.

बाहेर धुकं होतं. दोन घरांच्या मध्ये, नासपतीच्या झाडाखाली शेमवेता गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरत होता. घाई नव्हती. कोपरापर्यंत हात आत जात होते. खाली सिकुधानीही दारात उभी होती. दोघींपैकी कुणी पुढे झालं नाही.

तो वळला, खड्ड्याकडे पाठ केली आणि बराच वेळ तसाच ओणवा बसून राहिला.

मग त्याने माती लोटली. तळव्यांनी थोपटून सारखी केली. वर पाला पसरला, जागा ओळखू येणार नाही असा.

उठला, नळावर हात धुतले आणि हिदायाला मुलाच्या नावाने हाक मारून म्हणाला, "झुबेरीची आई, चहा टाक ना. थंडी काय पडलीय."

त्या दिवसापासून तो पहिल्यासारखा झाला. संध्याकाळी चौकात बाव खेळायला गेला, हरला, भांडला, उशिरा घरी आला. आपल्याला काय झालं होतं ते त्याला आठवत नव्हतं. ताप आला होता, एवढंच तो सांगायचा. पाळ्या पुन्हा लागल्या. बीबीला दोघींनी मिळून कुंपणापलीकडे पुरलं. पुरताना हिदायाने पुन्हा एकदा पोट चाचपलं. अंडी आतच होती, एकूण एक. तिने सिकुधानीकडे पाहिलं आणि दोघींनी नासपतीकडे पाहायचं टाळलं.

दोघींमध्ये बोलणं वाढलं. नळावर एकमेकींची बादली भरायच्या. खालून हसू आलं तर हिदाया कूस वळवून झोपायची. ते आपल्यावरचंच असणार, हे आता ठाऊक होतं.

वर्ष फिरलं, डोंगरावरची थंडी परत आली. एके सकाळी, उजाडायच्या आधी, हिदाया दवाखान्यात जायला निघाली. गवतावर दव पांढरं पडलं होतं. फक्त झाडाखाली पाळण्याएवढी एक जागा कोरडी होती. ती थांबली. वाकून तिने तळहात टेकवला. माती कोमट होती. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशी.

त्या दिवशी तिला कामावर पोचायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या सकाळी तिथे एक ठसा होता. लहान हाताचा, बोटं पसरलेली, एका बोटावर अंगठीची खूण. कडा अजून ताज्या होत्या. खाली सिकुधानीचं दार नुकतंच लोटल्यासारखं किलकिलं होतं.

हिदायाने तो ठसा पुसला. नीट, एकही रेघ राहू न देता. मग त्याच जागी स्वतःचा हात ठेवून ती बसून राहिली. उद्या याहून लवकर उठायचं, असं तिने ठरवलं.

तिच्या तळहाताखाली, अगदी सावकाश, कुणीतरी कूस बदलली.