अबोलीचा डावा गुडघा

रविवारी सकाळी पावणेआठला कृष्णकांतचा फोन आला.

"डॉक्टर, जल्दी या. अबोली पडली. उठता येऊन नाही राहिलं तिला."

नागपूरच्या मनीषनगरहून निघालेली डॉ. मयुरा हुडकेश्वरच्या पलीकडच्या रायडिंग क्लबवर पोचली, तेव्हा ती तांबूस घोडी उडीच्या तिसऱ्या अडसराशी वाळूत पडलेली होती. तिच्यावर बसलेल्या उन्नतीला खांद्याचं हाड मोडल्यामुळं इस्पितळात नेलं होतं. उन्नती पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि दर शनिवारी मयुराकडे काम शिकायला यायची.

अबोलीच्या डोक्याशी बाबाराव बसले होते. घोडीला जन्मापासून त्यांनीच सांभाळलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चारच दिवस झाले होते, डोळ्यांवर काळा चष्मा होता. खाली वाकायची मनाई असल्यामुळं पाठ ताठ ठेवून, मांडी घालून ते तिची मान थोपटत होते.

घोडी उठायला गेली. तिनं डावा पुढचा पाय टेकला, त्यावर भार दिला आणि गुडघा आत वळला. ती कोसळली. पुन्हा उठताना तिनं तोच पाय टेकला.

हाड मोडलेलं घोडं तो पाय जमिनीला लावत नाही. अबोली त्यावर उभं राहायला बघत होती.

गुडघ्यातल्या हाडाचे तुकडे झाले होते. करण्यासारखं एकच उरलं होतं. मयुरानं मानेच्या शिरेत शेवटचं इंजेक्शन दिलं. घोडीचा श्वास थांबला, तरी बाबारावांचा हात तिच्या मानेवर फिरतच राहिला.

मग मयुरानं तो गुडघा नीट पाहिला.

तीन आठवड्यांपूर्वी या सुजलेल्या सांध्यात तिनंच औषध सोडलं होतं. ते सूज उतरवणारं होतं, दुखणं दिवसागणिक कमी करणारं. सोबत दोन महिने उडी बंद, असं तिनं बजावलं होतं. आता गुडघ्यावरचे केस नव्यानं कापलेले होते. कातडीवर आयोडिनचा पिवळा डाग होता आणि त्यात सुई टोचल्याच्या दोन ताज्या खुणा.

लिदीच्या टोपलीत रिकामी बाटली सापडली. सांधा तासा-दोन तासांपुरता बधिर करणारं औषध. बाटलीवर काल उघडल्याची तारीख होती, मयुराच्याच अक्षरात. बाटली तिच्याच दवाखान्यातली होती.

ती कृष्णकांतच्या ऑफिसात गेली. क्लब त्याचाच होता.

"हिला उडीला कोणी काढलं?"

"मीच. जानेवारीत स्पर्धा आहे. आज तीन उड्या मारल्या तर ठेवतो, नाही तर वरातवाल्याला देतो, असं काल सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"मी दोन महिने सांगितले होते."

त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले.

"दुखणं दाबायला काय दिलंत?"

कृष्णकांतनं खणातून एक पाकीट काढलं. सीताबर्डीहून आणलेली दुखण्याची पावडर. पाकीट सीलबंद होतं.

"दाण्यात मिसळणार होतो. हिंमत नाही झाली."

"आणि गुडघा बधिर करणारी सुई?"

"मला बघितलं की ती कान मागे टाकायची. तिचा पाय मी उचलणार?"

"कोणाला उचलू द्यायची?"

"तुम्हाला. बाबारावला. उन्नतीला. पण ज्या घोडीवर आपणच बसायचं, तिचा पाय कोण बधिर करतं, डॉक्टर?"

मयुरा तबेल्यात आली. बाबाराव रिकाम्या ठाणाशी उभे होते.

"बाबाराव, काल तुम्ही माझ्या दवाखान्यात आला होता ना?"

"हो. मलम न्याले."

"तेव्हा औषधांचं कपाट उघडं होतं?"

बाबारावांनी काळा चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "मीच देल्ली सुई, बाई. बाटली मीच उचलली. लिहून टाका."

"केव्हा दिली?"

"सकाळी साडेसहाले."

"पाय कसा धरला होता?"

"धराले कायले लागते? उभीच होती चारही पायावर."

"किती वेळा टोचलं?"

"एकदाच."

"आणि साडेसहाला तबेल्यात दुसरं कोण होतं?"

"कोनीच नाही. उन्नतीनं मले चहा आनाले धाड..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. बाबारावांनी तोंड फिरवलं.

इस्पितळात उन्नती हात गळ्यात बांधून पडली होती. बाबाराव मयुराच्या मागोमाग आले आणि दाराशी उभे राहिले.

"बाबाराव सांगतात, सुई त्यांनी दिली," मयुरा म्हणाली.

उन्नतीनं डोळे मिटून घेतले.

"ते खोटं बोलतात. या गुडघ्यात सुई घालायची तर पाय उचलून दुमडावा लागतो, तेव्हाच हाडांमधली फट उघडते. ते म्हणतात, घोडी चारही पायांवर उभी होती. पाय उचलायला खाली वाकावं लागतं आणि त्यांना ते चालत नाही. शिवाय त्यांनी एकदाच टोचलं म्हणे. खुणा दोन आहेत."

"मॅडम..."

"घोड्याच्या गुडघ्यात वेगळाले कप्पे असतात. मी एकातच औषध दिलं होतं, कारण सूज तेवढ्यातच होती. आज कोणालातरी अख्खा गुडघा गप्प करायचा होता, म्हणून दोन सुया. कृष्णकांतना हे ठाऊक नाही, आणि ते तिच्या पायाशी बसूही शकले नसते. ती पाय उचलू देते ती आपल्या तिघांनाच. मी घरी होते, बाबाराव चहा आणायला गेले होते. ते दोन कप्पे तुला मी शिकवले, उन्नती. केस कापायला, आयोडिन लावायलाही मीच शिकवलं. घाण सांध्यात जाऊ नये म्हणून तू सगळं अगदी नीट केलंस."

उन्नतीनं डोळे उघडले.

"तीनच उड्या होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "वरातीत गेली असती तर डीजे, फटाके, डांबरी रस्ता, त्यावर असा पाय. मला वाटलं, एक सकाळ निभावली की सर तिला ठेवतील. मग मी तिला रोज नुसती फिरवीन. कोणी दुसरं बसलं असतं तर त्यानं तिला दामटलं असतं, म्हणून मीच बसली."

"मला का नाही सांगितलंस?"

"काल संध्याकाळी तीनदा फोन केला होता."

मयुराला ते तीन फोन आठवले. एका साखरपुड्यात होती ती. सोमवारी बोलू म्हणून फोन पर्समध्ये ठेवून दिला होता.

"तिला खूप दुखलं का, मॅडम?"

खोटं बोलता आलं असतं. पण ही मुलगी डॉक्टर व्हायला निघाली होती.

"फारसं नाही. तेच वाईट झालं, उन्नती. पहिल्या उडीला हाडाला चीर गेली असेल. दुखलं असतं तर ती दुसरीपाशीच अडून बसली असती. तुला सांगायला तिच्यापाशी तेवढं दुखणंच होतं, आणि ते आपण काढून घेतलं."

उन्नती रडली नाही. छताकडे बघत म्हणाली, "रिपोर्टमध्ये माझं नाव लिहा."

"लिहावंच लागेल. कपाटाला कुलूप नव्हतं, हेही लिहीन. आणि ते फोनही."

बाबाराव आत आले. खाटेच्या कडेला बसले. उन्नतीनं मान दुसरीकडे वळवली.

"काका, तुम्ही काहून आळ घेतला स्वतःवर?"

"चहा घेऊन आलो ना मी, तवा तुह्या हाताले स्पिरिटचा वास येत होता," बाबाराव म्हणाले. "गुडघ्यावरचे केसबी दिसले मले. इतकं दिसते आता. इचारलं असतं तर तू खोटं बोलली नसती. मी कप तुह्या हातात देल्ला अन् खोगीर कसू लागलो."

"काहून नाही विचारलं?"

"मलेबी ती जाऊ द्याची नव्हती, बेटा."

मयुरानं रिपोर्टसाठी आणलेला कागद काढला होता. त्या दोघांसमोर तिला पहिली ओळ लिहिता येईना. ती खुर्ची ओढून खाटेपाशी बसली, आणि उन्नतीची आई येईपर्यंत कागद तिच्या मांडीवर तसाच राहिला.