तिल्मनचं कुलूप

फेब्रुवारीतलं धुकं म्हणजे लुइझियानाच्या त्या किनाऱ्यावरचं दरवर्षीचं रडगाणं. नदीचं गार पाणी समुद्रात शिरतं, वरून दक्षिणेची ऊबदार हवा येते, आणि भर सकाळी माणसाला आपल्याच बोटीचं टोक दिसेनासं होतं. म्हणून काही कुणी काम थांबवत नाही. एमिल व्हर्डिनही त्या दिवशी अगदी साध्या कामाला निघाला होता. समुद्रातल्या एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर जायचं, तेलाच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि जेवायला घरी परत यायचं.

बोट म्हातारा ओव्हीड चालवत होता. एमिलच्या बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेऊन हाच उभा होता, म्हणून एमिल त्याला अजून ‘पारेन’, म्हणजे धर्मबाप, म्हणतो, आणि बापाच्या मागे मान द्यायचा तो त्यालाच. दोघांनी थर्मासमधली काळी कॉफी वाटून घेतली, भात भरलेलं सॉसेज खाल्लं. ओव्हीडची टकळी चालूच होती. कोळंबी कुठे गडप झालीय कुणास ठाऊक, आणि किनाऱ्यावर खुर्च्या उबवणाऱ्यांना मात्र रोज नवा नियम सुचतो, वगैरे.

एका नियमाची मात्र ओव्हीडसुद्धा कधी थट्टा करत नसे. कुलपाच्या. पाइपवर काम काढलं की आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि कामावरच्या प्रत्येकाने आपापलं लाल कुलूप त्याच्या चाकाला लावायचं. कुलपाला बिल्ला, बिल्ल्यावर फोटो, किल्ली ज्याची त्याच्या खिशात. काम आटोपलं की ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने काढायचं. कुलूप आहे म्हणजे माणूस खाली आहे, मग तेल सोडायचं नाही. सरळ हिशोब. आता एखादा धांदरट किल्ली खिशात टाकून घरी गेलाच, तर कुलूप कापता येतं, पण आधी त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं की मी तिथे नाही. बायकोने सांगितलेलं चालत नाही, साहेबाने सांगितलेलं चालत नाही.

प्लॅटफॉर्मवर नेहमीसारखा गंजाचा आणि कच्च्या तेलाचा वास होता. धुक्याचा भोंगा मधूनमधून हंबरत होता. एमिल लोखंडी जिना चढून व्हॉल्व्हपाशी गेला आणि कपाळाला हात लावला. बाकी सगळ्यांची कुलपं निघाली होती, एक तेवढं लटकत होतं. बिल्ल्यावर तिल्मन दात काढून हसत होता.

तिल्मन एमिलचा धाकटा भाऊ, पाणबुड्या. पाइपचा एक जोड गळत होता, त्याला गेल्या आठवड्यात त्यानेच खाली जाऊन पोलादी पट्टा बसवला होता. बाप वादळात गेला तेव्हा तिल्मन एवढासा होता. एमिलने त्याला वाढवला, शाळेत घातला, पाणबुड्या होऊ नको म्हणून डोकं फोडून घेतलं, आणि शेवटी पाणबुड्या झाला तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलाही तोच. भाऊ कसला, लेकच होता तो.

शिव्या घालत एमिलने फोन लावला. पलीकडे उचलला गेला.

“तिल्मन, कुठे आहेस तू?”

“मी घरीच आहे, दादा. काप.”

आवाज तिल्मनचाच, शंकाच नको. फक्त झोपेतून बोलावं तसा, आणि विहिरीतून यावा तसा. मागे कुणीतरी लांब, ओला श्वास ओढत होतं. फोन बंद झाला. एमिलने कुलूप कापायची लोखंडी कातर उचलली, तिचे जबडे कुलपाच्या कडीवर ठेवून दाबायलाही लागला, आणि मग त्याच्या डोक्यात आलं की आपण तर कुलपाचं नावही काढलं नव्हतं.

तेवढ्यात खालून ओव्हीडची हाक आली. म्हातारा एरवी ओरडतो, आज दबक्या आवाजात बोलला.

“एमिल... ते राहू दे. आधी खाली ये.”

प्लॅटफॉर्मच्या खांबाशेजारी पाण्यात बुडबुडे येत होते. पाइप गळत असेल तर बुडबुडे येतात, त्यात नवल नाही. पण गळतीचे बुडबुडे थांबत नाहीत. हे एकदम भसकन येत, मग पाणी निवांत होई, मग पुन्हा भसकन येत. दोघं बघत राहिले. ओव्हीडने टोपी काढली, छातीवर क्रूस केला आणि पुटपुटला, “श्वास घेतंय कुणीतरी.”

एमिलने तिल्मनच्या बायकोला, कोरालीला, फोन लावला. ती हसायलाच लागली. तिल्मन समोरच होता, मासे तळत होता. त्याचा फोन तर परवाच बोटीवरून पाण्यात पडलाय, लागेलच कसा, असं ती म्हणाली. मागून तिल्मन ओरडला की माझं कुलूप इथे गाडीत पडलंय, दादाला म्हणावं चष्मा बदल. तिल्मन घरी आहे असं फोनवरचा आवाजही सांगत होता आणि कोरालीही सांगत होती. खाली माणूस आहे असं सांगत होतं ते फक्त कुलूप. मग खोटं कोण बोलत होतं?

त्याने कुलूप कापलं नाही. नियमाने वागला बिचारा. पाइपजवळ बुडबुडे दिसले की कळवायचं, लाइन बंद ठेवायची आणि पाणबुड्या उतरवून खात्री करायची, असा नियम आहे. एमिलने कळवलं. आणि तो जोड ज्याच्या हाताखालून गेला होता असा पाणबुड्या एकच होता.

पुढच्याच आठवड्यात तिल्मनला पाठवायचं ठरलं. एमिलने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. साहेबाला म्हणाला, दुसरा कुणी बघा. तिल्मनला म्हणाला, आजारी पडलो म्हणून सांग, काय वाटेल ते कर, पण जाऊ नको. तिल्मनने सगळं हसण्यावारी नेलं.

“दादा, पारेनच्या बोटीत बसून बसून तूही त्यांच्यासारखा म्हातारा झालास. तू आहेस ना वर? मग मला काय होतंय?”

त्या दिवशीही धुकं होतंच. दोघं मिळून जिना चढले. चाक मोकळं होतं, त्यावर कुलूपबिलूप काही नव्हतं. मधल्या दिवसांत तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं. तिल्मनने खिशातून आपलं कुलूप काढलं आणि लावलं. एमिल वाकला. कडीवर कातरीच्या दाताची खूण होती, ताजी आणि चकचकीत. त्याने स्वतः गेल्या आठवड्यात उमटवलेली. हे काय म्हणून त्याने विचारलं, तर तिल्मन म्हणाला, असेल पहिल्यापासून, आणि शिट्टी मारत उतरला.

हवेची नळी, बोलायची तार, डोक्यावर शिरस्त्राण, असा सगळा सरंजाम चढवून तो पाण्यात गेला. बोटीवर एका छोट्या खोक्यातून त्याचा आवाज येत होता. पोचलो म्हणाला. जोड दिसतोय, पट्टा सैल करतोय म्हणाला. एमिल त्या खोक्याला कान लावून बसला होता. पट्टा सैल असताना तेल सुटलं असतं, तर भाऊ त्याच्या तोंडावरच होता. बाहेर त्याचे बुडबुडे येत होते. भसकन येत, थांबत, पुन्हा येत. मग बराच वेळ खोक्यातून नुसता लांब, ओला श्वास ऐकू येत राहिला.

“मी घरीच आहे, दादा. काप.”

एमिलने खोकं तोंडाशी ओढलं.

“तिल्मन... कुणाशी बोलतोयस तू?”

“तुझ्याशीच. तूच विचारलंस ना... कुठे आहेस म्हणून?”

एमिल नुसता ‘ओढा, ओढा’ करत सुटला. बोटीवरच्या सगळ्यांनी मिळून तिल्मनला वर घेतलं. शिरस्त्राण काढलं तर आतून धडधाकट तिल्मन निघाला, हसत, केस विस्कटलेले, कॉफी मागत. जोड ठणठणीत आहे, थेंबभरही गळत नाही, घाईघाईत वर कशाला काढलं, म्हणून उलट भावालाच बोलला. घरी आहे वगैरे आपण काही बोललोच नाही म्हणाला. एमिलने त्याला मिठी मारली. अंग गरम होतं, वास त्याचाच होता. एमिल लहान मुलासारखा रडला.

मग ओव्हीडने त्याची बाही ओढली. हनुवटीने पाण्याकडे दाखवलं. बुडबुडे येतच होते. आणि तार सोडवलेली, शिरस्त्राण पायाशी पडलेलं असताना, त्या खोक्यातून कुणीतरी श्वास ओढत होतं.

एमिलने भावाकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. एक तिल्मन इथे कॉफी फुंकत बसला होता. खाली कोण होतं? आणि आपण वर काढला तो कोण? किनाऱ्यावरून साहेबाने रेडिओवर विचारलं, सगळे वर आलेत ना, सोडायचं तेल? तिल्मनने जाऊन आपलं कुलूप काढलं आणि म्हणाला, आलेत सगळे, सोडा. एमिल जिना चढला. स्वतःचं कुलूप त्याने चाकाला लावलं आणि किल्ली समुद्रात भिरकावली.

ती लाइन तशीच बंद राहिली. एमिलची नोकरी गेली. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. कंपनीने कितीदा फोन करून विचारलं, बाबा रे, कुठे आहेस तू? एमिल आपल्या ओसरीवर खुर्चीत बसून सांगायचा, मी तिथेच आहे. मग नियमाने कापणार कसं? तिल्मन दोन घरं पलीकडे सुखात नांदत होता. पाण्यात उतरायचं त्याने आपणहून सोडलं. रविवारी सगळे एकत्र जेवायचे. भाऊ हसला की एमिलला भरून यायचं, आणि त्याच क्षणी खाली असलेला आठवायचा, की मग घास उतरायचा नाही.

परवाच्या फेब्रुवारीत, अशाच धुक्यातल्या रविवारी, एमिल तिल्मनच्या अंगणात बसला होता. त्याचा फोन स्वतःच्या घरी कपाटात होता, बंद करून ठेवलेला. फाटकातून ओव्हीड आला, तोंड पांढरंफटक.

“एमिल, तू हो कसा म्हणालास?”

“कशाला हो, पारेन?”

“सकाळी कंपनीचा फोन आला होता ना तुला? मी होतो तिथे धक्क्यावर. फोनच्या स्पीकरवर मी स्वतः ऐकलं. तुझाच आवाज... मी घरीच आहे, म्हणालास. कापा, म्हणालास. बोट केव्हाच निघाली. आत्तापर्यंत कापलंसुद्धा असेल.”

एमिल खुर्चीतून उठला. चुलीपाशी तिल्मन मासे तळत होता. त्याने मान वर केली नाही. मासा उलटला, तेल निथळू दिलं आणि नेहमीच्याच प्रेमळ आवाजात म्हणाला, “बरं झालं, दादा. किती दिवस अडवून ठेवणार होतास?”

मग त्याने पहिला मासा एमिलच्या ताटात वाढला.