मोठ्या वर्गाची भिंत

निळ्या कार्डशीटचा शेवटचा कागद होता तो. संचितानं त्याचं एक टोक धरलं आणि त्याच क्षणी दुसरं टोकही कुणीतरी धरलं.

"हा मी घेतलाय," ती म्हणाली.

"बघितलं मी," समोरचा तरुण म्हणाला, पण टोक काही त्यानं सोडलं नाही. "कशाला हवाय, विचारू का?"

"समुद्र करायचाय."

"मलाही समुद्रच करायचाय."

दिवाळी नुकतीच सरली होती. सावंतवाडीच्या बाजारात आता शाळेच्या सामानाची खरेदी चालली होती. दुकानदार आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. शेवटी त्या तरुणानंच हळूच हात मागे घेतला.

"घ्या तुम्ही. मी माझा समुद्र हिरवा करतो. खाडीपाशी तो तसाही हिरवाच दिसतो."

हिरवा कागद गुंडाळून तो निघूनही गेला. संचिता मात्र निळा कागद छातीशी धरून तिथंच उभी... घरी पोचल्यावर तिला सुचलं की निदान नाव तरी विचारायला हवं होतं.

विजयदुर्गच्या वाटेवर, खाडीकाठच्या एका वाडीत तिची शाळा होती. दोनच खोल्या. एकीत पहिली ते चौथीची मुलं, ती संचिताची. दुसरीत पाचवी ते सातवी. त्या वर्गाच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि त्या परत येईपर्यंत गावानं एक तात्पुरते सर नेमले होते. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या आनंदीबाईंच्या घरी संचिता भाड्यानं राहायची. "नवे सर कुडाळकडचे आसत," एवढीच बातमी आनंदीबाईंनी आणली होती.

शाळा उघडली त्या दिवशी नवे सर फाटकातून आत आले. त्यांच्या बगलेत हिरव्या कागदाची गुंडाळी होती.

"मी सर्वेश," तो म्हणाला. हसू त्यानं ओठांतच दाबलं होतं. "निळा समुद्र इथं आहे, हे माहीत असतं तर दुकानात भांडलोच नसतो."

"तुम्ही कुठं भांडलात? लगेच तर सोडलात."

"पुढच्या वेळी नाही सोडणार."

तिनं हजेरीत मान घातली, पण कान गरम झाले ते झालेच.

संचिताचा वर्ग बघायला आजूबाजूच्या शाळांतले शिक्षकसुद्धा यायचे. छतापासून दोऱ्यांना टांगलेले मासे, पक्षी, ढग. भिंतीवर अक्षरांची झाडं. सर्वेश दारातून आत आला, सगळीकडे नजर फिरवली आणि पहिलीच्या मुलांच्या बस्करावर मांडी घालून बसला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"इथं येऊन बसा ना जरा."

ती थोडी चिडूनच बसली. शेजारी, पण मध्ये पुरेसं अंतर ठेवून. मग तिनं वर बघितलं. मासे, पक्षी, ढग... सगळ्यांची फक्त पांढरी पोटं दिसत होती. रंग होता तो वरच्या बाजूला, उभ्या माणसाच्या डोळ्यांना दिसेल असा.

"दोन वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षं माझी मुलं ही पोटं बघतायत."

"पण छान पोटं आहेत," तो म्हणाला. तिला हसू आलं.

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर दोघं जमिनीवर उताणे पडून रंगवत राहिले. खाडीवरचा वारा आला की मासे हलायचे आणि ब्रश भलतीकडेच जायचा. एकदा रंगाचा एक थेंब तिच्या कपाळावर पडला. सर्वेशनं खिशातून रुमाल काढला, पुढे केला... आणि मग स्वतः न पुसता तो तिच्या हातात दिला. ते तिला फार आवडलं. पुसलं असतं तरी आवडलं असतं, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

त्या आनंदाच्या भरात तिच्या हातून एक चूक झाली. रविवारी एकटीनंच शाळा उघडून तिनं मोठ्या मुलांचाही वर्ग सजवला. हसरा सूर्य, फुगे, टोपी घातलेला ससा. सोमवारी मुलं आली तेव्हा ती मुद्दाम दारात उभी राहिली. सातवीची तेजस्वी, बापाच्या होडीवर जाळी ओढून तळव्यांना घट्टे पडलेली उंच मुलगी, थोडा वेळ सूर्याकडे बघत राहिली. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, हे आमच्यासाठी आहे की बालवाडी इकडे येणार?"

मागच्या रांगेत खसखस पिकली. संचिताही हसली, आपल्या वर्गात परत आली आणि उजळणी घेता घेता दोनदा चुकली.

मधल्या सुट्टीत सर्वेश तिच्यापाशी आला.

"रागावलात?"

"मुलांवर कशाला रागावू? तुम्ही तरी सकाळी आल्या आल्या सांगायचं होतं."

"सांगणार होतो. पण तो सूर्य इतक्या मनापासून काढलेला होता... आणि मला आवडला तो."

"तुम्ही काय सातवीत आहात?"

"तुम्ही शिकवणार असाल तर पुन्हा बसेन."

तिनं रागानं बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग तीच विचार करत म्हणाली, "माझ्या मुलांना भिंत बघायला आवडते. त्यांच्यावर कुणीतरी माया करतंय असं वाटतं. ही मोठी झालीत, सर. त्यांना कुणी काही करून दिलेलं नकोय. भिंत कोरी करून त्यांच्या हातात देऊ या."

सर्वेश घुटमळला. "पण मी तक्ते करून ठेवलेत. घातांक, विभक्ती..."

"तुमचे तक्ते बघून मलाच झोप येते."

त्या दुपारी त्यानं स्वतःच्या हातानं फुगे उतरवले, तक्ते गुंडाळले आणि मुलांना म्हणाला, "ही भिंत तुमची. काय हवं ते ठरवा."

पहिले दोन दिवस कुणी भिंतीला हात लावेना. तिसऱ्या दिवशी तेजस्वी उठली. तिनं एक चौकट आखली आणि त्यात लिहिलं, 'आजची भरती'. खाली वेळ. दुसऱ्या दिवशी वेळ पुढे सरकली होती. कशी, किती, का, यावरून वर्गात वाद जुंपला आणि त्या वादातून सर्वेशचं अर्ध्या महिन्याचं भूगोल-गणित आपोआप शिकवून झालं. मग कुणी होडीच्या इंजिनाचं चित्र काढलं, कुणी आंब्याचं कलम बांधायची रीत. हिरव्या कागदाची खाडी झाली आणि तिच्यात कुठं खडक आहेत ते मुलांनी भांडून भांडून ठरवलं. आठवड्यातले दोन दिवस गायब असणारी तेजस्वी आता रोज येऊ लागली. भरतीची वेळ दुसऱ्या कुणी लिहिलेली तिला चालत नव्हती. लहान मुलं दारात गर्दी करायची आणि मोठी त्यांना कडेवर उचलून भिंत दाखवायची. संचिता हे बघत उभी असली की सर्वेश तिच्याकडे बघत असायचा. तिला न बघताही ते कळायचं.

जानेवारीत आंब्याला मोहोर आला आणि तिच्या आईचा फोन. मुंबईचा मुलगा होता, बँकेत होता, रविवारी बघायला येणार होता. संचिता "बघू" म्हणाली. सर्वेशला तिनं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, आणि कोणत्या नात्यानं? तोही हल्ली गप्प गप्प असायचा.

कारण आनंदीबाईंकडून कळलं. भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "सरांका कायमची नोकरी लागली मां. नंदुरबाराक. तुका नाय सांगल्यानी? माका वाटलां, पयलां तुकाच सांगल्यानी आसतला."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती सव्वीस जानेवारीच्या पताका उतरवायला मोठ्या वर्गात स्टुलावर चढली. सर्वेशनं येऊन स्टूल धरलं.

"अभिनंदन," ती वरूनच म्हणाली.

"रोज सांगायचं ठरवत होतो," तो म्हणाला. "सकाळी तुम्ही 'या सर' म्हणून हसायचात... आणि राहून जायचं."

"कधी निघायचंय?"

"पुढच्या आठवड्यात. मॅडमही रजेवरून परत येतायत."

"आणि मला काहीच विचारायचं नव्हतं?"

"काय विचारू? तुमची कायमची नोकरी इथं, घर सावंतवाडीला. राज्याच्या त्या टोकाला चला, असं कुठल्या तोंडानं म्हणू?" त्याचा आवाज खाली गेला. आणि मग शाळेत कधी न बोललेली घरची भाषा त्याच्या तोंडून आली. "माका तू आवडतंस, संचिता. म्हणानच इचारूक जमला नाय."

तिच्या हातातली पताका तशीच लोंबत राहिली. ती सावकाश स्टुलावरून उतरली.

"मी काल रात्री बदलीचे नियम वाचले," ती म्हणाली. "पती-पत्नी दोघं शिक्षक असतील तर एका जिल्ह्यात बदली मागता येते. काही वर्षं लागतील, पण मिळते."

"त्याला आधी पती-पत्नी असावं लागतं."

"तांच सांगतंय मी."

तिनं पर्समधून फोन काढला. आता थांबले तर धीर जाईल, हे तिला ठाऊक होतं.

"आई, रविवारी त्या मुंबयवाल्यांका येव नको म्हणान सांग."

"कित्याक गो?"

"माका एक जण आवडता. आमच्या शाळेतले सर. आता नंदुरबाराक जातले. आणि मगे... मीय जातलंय."

पलीकडून फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. आई चिडली असती तर उत्तर देता आलं असतं. रडली असती तर काय बोलायचं, ते संचिताला माहीत नव्हतं. तिनं चाचपडत हात पुढे केला आणि सर्वेशनं तो धरला.

"नंदुरबार खंय इला?" आईनं शेवटी विचारलं.

"लांब आसा, आई."

"थंय मासे गावतत?"

संचितानं फोनवर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. "मासे मिळतात का, विचारतेय."

"तापी आसा म्हणान सांग," सर्वेश गडबडीनं म्हणाला. "गावले नाय तर मी स्वता गळ टाकतलंय."

ते आईला ऐकू गेलं असावं. तिनं एक लांब श्वास सोडला.

"तेका रविवारी घेवन ये," ती म्हणाली. "मी बांगडे हाडून ठेवतंय."