खंडेनवमीचं वायफाय

गेलं ना तुमचं वायफाय? मग ठेवा ते फोन अन् सरका जवळ. सोनल, तू दाराकडे पाठ करून बस. अगं, सहज म्हटलं!

राजेंद्र नगरातला आपला यशवर्धन. गेल्या साली खंडेनवमीची रात्र. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेतले, म्हणून घरी अजून तलवार पुजतात. त्याचे देवदत्तकाका तर तलवारीशेजारी राउटरपण मांडायचे. वायरी काढून, झेंडू वाहून. म्हणायचे, "आज हत्याराला सुट्टी. काम उद्या." काका त्याच उन्हाळ्यात वारले. रीत राहिली.

अन् नेमका त्याच रात्री यशवर्धनचा इंटरव्ह्यू. कधीचा घरी बसलेला पोरगा! मग याने अक्कल चालवली. पलासियाच्या बाजारातून नवा राउटर आणला. मला म्हणतो, "आजी, पूजेतल्याला हात तर नाही ना लावला!" मलाच शिकवतो, गाढव.

कॉल लागला अन् आवाज तुटायला लागला. त्याने फोनमधे ते ॲप उघडलं. कोणत्या चॅनलवर कोण बोलतंय ते त्यात दिसतं म्हणे. एका चॅनलवर दोघं आले की गडबड. जसे एका गल्लीत दोन डीजे. तर याच्याच चॅनलवर दुसरं कोणी बसलेलं. एकदम जोरात. नाव...

देवदत्त.

काकांनी जुन्या राउटरला दिलेलं नाव. पण त्याच्या तर वायरी काढलेल्या!

माझ्याकडे काय बघता रे? मला टीव्हीचा रिमोट चालवता येत नाही.

याने वैतागून चॅनल बदललं. देवदत्त तिथे आला. परत बदललं. परत आला. तिकडून साहेब ओरडताहेत, "हॅलो? आवाज कट रहा है!" हा रडायच्या बेतात.

"क्या यार काका! एक रात्र तर सोडा! नोकरीचा सवाल आहे!"

...

पंखा फिरतोय. बस.

कॉल कटला.

मग मेल आला. उद्या सकाळी घेऊ.

ॲपमधे पाहिलं... देवदत्त नाही.

दसऱ्याला जुन्याच राउटरवर इंटरव्ह्यू झाला. आवाज एकदाही नाही तुटला. नोकरी लागली, ते सोडा. त्याआधी तो चिडलेलाच पूजेतली हत्यारं उचलायला गेला होता. तलवारीवरचा झेंडू ताजा. टवटवीत.

राउटरवरचा... भाजलेला. काळा. बोट लावलं तर चुरा झाला.

अन् वायर बाजूलाच. आदल्या दिवशी गुंडाळून ठेवली होती, तशी.