मोरीवरचा हॉर्न

"आमच्या ओळखीतलाच एक मुलगा. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. आईनं पूजा मांडलेली. तिन्हीसांजेला तिनं डब्यात शिरा भरून दिला आणि म्हणाली, जा, रोह्याला ताईकडे प्रसाद पोचवून ये. पेण ते रोहा, रोजचा रस्ता. त्यानं गाडी काढली आणि निघाला..."

कमळाकरकाका ही गोष्ट इतक्या शांतपणे सुरू करतात की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस खरं बोलतोय. आळीतली वीज गेली की ते ओट्यावर खुर्ची टाकतात आणि पोरं पायऱ्यांवर जमतात. काका निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर वर्गात मध्ये कोणी बोललं नाही, त्यामुळे आपण बोलतो ते बरोबरच असतं अशी पक्की समजूत. परवाही त्यांची नातवंडं, उर्वी आणि अद्वय, डोळे मोठे करून बसली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. मी त्यांचा पुतण्या, शौनक. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं, म्हणून या घरात मला मत नाही.

"पोराच्या हेल्मेटला कॅमेरा," काका पुढे म्हणाले. "रील करायचं खूळ, दुसरं काय. निडीच्या अलीकडे ती रस्त्याखालची मोरी आहे ना, तिथं येणारा-जाणारा हॉर्न देतो. का? तर तिथं एक दारुडा मेलाय. हॉर्न दिला की तो बाजूला होतो. या दिवट्यानं दिला नाही. आणि मग कठड्यावर पांढऱ्या साडीतली..."

"काका, बस झालं."

"काय?"

"साडी नव्हती. रील नव्हतं. आणि दारुडा तर नव्हताच. तो मुलगा प्रविण, आणि त्याच्या मागे सीटवर शिऱ्याचा डबा धरून मी बसलो होतो. तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात."

अद्वय खुदकन हसला. काकांनी नुसतं बघितलं, तसा गप्प झाला. उर्वी मात्र घाबरत नाही. "मग तूच सांग ना, शौनककाका," ती म्हणाली.

म्हणून सांगितली. जशी झाली तशी.

प्रविणचे वडील कान्हूकाका. खाडीकडच्या मिठागरात काम करायचे आणि जुन्या लूनावरून घरोघर मीठ विकायचे. आमच्या फाटकाशी आले की हॉर्न वाजवायचे. तो हॉर्न अख्ख्या आळीला माहीत. अर्धा वाजायचा, मध्येच बसायचा, मग पुन्हा उठायचा. आजारी बोकडासारखा. दोन वर्षांपूर्वी मुलीकडून, रोह्याहून परत येताना ते त्या मोरीत पडले आणि गेले. अर्धा रस्ता खणून मोरी उघडी ठेवलेली, अजूनही तशीच. बोर्ड नाही, दिवा नाही, साधी दोरी बांधायची अक्कलही कोणाला नाही. पण आमच्याकडच्या थोर माणसांनी सकाळच्या चहाबरोबर निकाल लावून टाकला. प्यायला असणार! मीठवाला, रात्रीची वेळ, लूना. आणखी पुरावा कशाला पाहिजे?

कान्हूकाका कधी घ्यायचेच नाहीत असं मी म्हणणार नाही. शिमग्याला घ्यायचे. पण मुलीच्या दारात? कधीच नाही. काशीकाकू, म्हणजे प्रविणची आई, हे रडून रडून सांगत होती. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन पुन्हा तेच म्हणाले.

मग कोणाला तरी मोरीवर काहीतरी दिसलं. मग हॉर्न द्यायची पद्धत पडली. ट्रकवाला देतो, एसटीवाला देतो, मुख्याध्यापकसुद्धा देतात. वर्षभरात भूत तयार झालं, प्रथा तयार झाली. बोर्ड तेवढा तयार झाला नाही.

प्रविण तिथं कधीच हॉर्न देत नसे. "बापाला बाजूला हो, असा कसा बोलू?" म्हणायचा.

त्याला एकच गोष्ट दाखवायची होती. माणूस पूर्ण शुद्धीत असला तरी रात्री ती मोरी दिसत नाही. नळावर आईला बाया 'दारुड्याची बायको' म्हणत, ते बंद व्हायला हवं होतं. त्यासाठी व्हिडिओ हवा, आणि कॅमेऱ्यातलं कळणारा त्याच्या ओळखीत मी एकटा.

आधी प्रविणचा फोन क्लॅम्प लावून हँडलला बांधला. इंजिनच्या थरथरीनं फोनचा कॅमेराच कामातून गेला. तेव्हापासून त्यांच्या घरातली माणसं फोटोत हलतातच. मग कुणाचा तरी जुना ॲक्शन कॅमेरा मिळाला. तो छातीच्या पट्ट्यावर लावला, तर रस्ता कमी आणि प्रविणच्या हातमोज्यांचंच दर्शन जास्त. त्यात कार्ड भिकार. नागोठणं सोडलं की रेकॉर्डिंग आपोआप बंद पडायचं आणि आम्ही रोह्यापर्यंत बंद कॅमेऱ्याला रस्ता समजावत जायचो.

शेवटी मी माझा चांगला कॅमेरा दिला. हेल्मेटच्या हनुवटीवर चिकटवला, म्हणजे मान जिकडे वळेल तिकडे तो बघणार. चित्र स्थिर ठेवायची सेटिंग बंद केली, कारण अंधारात ती सगळं पुसट करून टाकते. वेगळा माइक आत, गालाच्या गादीखाली दाबून बसवला, म्हणजे वारा घुसत नाही.

"आवाज कशाला पायजे?" प्रविण म्हणाला. "मोरी काय बोलनार हाय?"

"असू दे. झाला तर उपयोगच होईल."

त्या गुरुवारी काशीकाकूनं शिरा दिला आणि आम्ही निघालो. मोरीच्या अलीकडे, उतारावर, गाडी कडेला लावली. लूनाचा दिवा तो केवढा, काडी पेटवल्याएवढा. तेवढ्याच उजेडात काय दिसतं ते हवं होतं. म्हणून गाडीचा दिवा बंद केला, हातात एक छोटी बॅटरी घेतली आणि रस्त्याच्या मधोमध चालत निघालो. केवढे मूर्ख आम्ही, ते आता कळतं.

चंद्र नव्हता. वारा नव्हता. रातकिडेसुद्धा गप्प.

"चालू हाय ना?"

"लाल दिवा लुकलुकतोय. पुढे बघ. मान हलवू नको."

"नाय हलवत."

पुढे पुढे चाललो. मोरी दिसेना. आम्हाला हेच तर हवं होतं.

आणि हॉर्न वाजला.

समोरून. रोह्याच्या बाजूनं. अर्धा. मग बसला. मग पुन्हा...

प्रविण थांबला. मी थांबलो. समोर दिवा नाही. इंजिनाचा आवाज नाही. काहीच नाही. फक्त तो...

"शौनक..."

"हं."

"आयकलास?"

मी बॅटरी समोर रोखली.

पुन्हा वाजला. आता जवळून. आता घाईघाईनं. मीठ विकताना तो असा कधी वाजला नव्हता.

"बाबा...?"

प्रविण पुढे निघाला. आवाजाच्या दिशेनं. मी त्याची कॉलर धरली. हॉर्न ऐकला की बाजूला व्हायचं. डोक्यात एवढंच. ओढला त्याला. बॅटरी हातातून पडली. दोघं कडेच्या झुडपात.

मागून वारा आला.

मग काळं काहीतरी गेलं. भिंतीएवढं. खडीनं भरलेला डंपर. चोरटी वाहतूक, म्हणून दिवे बंद. डिझेल वाचवायला उतारावर इंजिनही बंद. आम्ही उभे होतो तिथूनच गेला. चाकाखाली बॅटरी फुटली. तेवढाच आवाज.

मग काही नाही.

समोरचा रस्ता... रिकामा.

उर्वी एक पायरी वर सरकली. काका खाकरले. "डंपरचाच हॉर्न असणार. अंधारात दिशा कळत नाही माणसाला."

"डंपर मागून आला, काका."

"बरं. मग तो तुझा व्हिडिओ? त्यात काय दिसतं?"

इथंच तर माझं डोकं फिरतं. काही म्हणजे काही दिसत नाही. एवढा विचार करून लावलेला कॅमेरा, आणि पडद्यावर नुसता काळोख आणि मुंग्यांसारखे ठिपके. आम्ही तो घेऊन रस्ते खात्याच्या ऑफिसातही गेलो होतो. साहेब म्हणाले, "यात मोरी कुठाय?" मी म्हणालो, "तेच तर साहेब, दिसत नाही." त्यांनी फोन परत दिला. "मग दिवसा शूट करून आणा," म्हणाले.

"दिसत काही नाही," मी काकांना म्हणालो. "पण माइक होता."

फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

आधी प्रविणचा श्वास. मग 'चालू हाय ना?' मग मी. मग पावलं. मग...

अर्धा. बसला. पुन्हा उठला.

काकांची मान आपोआप आमच्या फाटकाकडे वळली. रोज मीठ घ्यायला वळायची तशी.

फाटकात कोणी नव्हतं.

त्यांनी फोन पालथा घातला.  मग काका बोलले, ते माझ्याकडे न बघता.

"कान्हूची लूना... कुठे असते आता?"

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून नाव आलं ते पहिल्यांदा. दारुडा नाही. कान्हू.

"प्रविणच्या घरामागे," मी म्हणालो. "पोलिसांनी सोडली तेव्हापासून ताडपत्रीखाली. त्या रात्री परत आल्यावर त्यानं ताडपत्री काढली. मी फोनचा उजेड धरला होता. चाक वाकडं. टाकी कोरडी. सीटवर बोटभर धूळ. हँडलवर कोळ्याचं जाळं, त्याचा एकही धागा तुटलेला नव्हता. सगळ्यावर गंज..."

"आणि?"

"आणि हॉर्नचं बटण चकचकीत होतं, काका. घासून घासून गुळगुळीत झालेलं. अंगठ्याएवढ्या जागेत."